शेवाळाची गाळणी

गेल्या माघांतील अमावास्येस आम्ही घरचीं सात-आठ माणसें रत्नागिरीहून आरे-वाऱ्यास गेलों होतों. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोंकणांत जुना हिशेब आहे. अमावास्येचे पंधरा धरले म्हणजे सव्वा अकरा येतात. अर्थात् ओहोटी सायंकाळीं सव्वापांचच्या सुमारास. तो हिशेब करूनच आम्ही दुपारचा चहा आटोपून निघालों. शिरगांव, बसणी, काळबादेवी हीं गांवें मागें टाकून रस्ता कड्यावर चढतो, आणि एका वळणावर डोंगराच्या सोंडेनें वेगळ्या केलेल्या त्या दोन पुळणी एकदम दृष्टीस पडतात. हें स्थळ ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस वर्णन नको, आणि ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांस आमच्या वर्णनानें तें दिसावयाचें नाहीं. म्हणून तो प्रयत्न आम्ही करीत नाहीं.

ओहोटीनें उघड्या पडलेल्या खडपांकडे मुलें धांवलीं आणि लाटांनीं आणून टाकलेलें तपकिरी शेवाळ ओंजळी भरभरून घेऊन आलीं. या शेवाळास मण्यांएवढे हवेचे फुगे असतात. ते चिमटींत धरून फोडण्याचा खेळ कोंकणच्या मुलांस कोणी शिकवावा लागत नाहीं. शास्त्रज्ञ या जातीस सरगॅसम म्हणतात. आमची आत्या ऐंशी उलटलेली. तिनें तें पाहतांच गाडींतली रिकामी टोपली मागविली. परसांतल्या दोन माडांच्या आळ्यांत तें घालावें, असा तिचा विचार. तेवढ्यांत रसायनशास्त्राचा अभ्यास करणारा आमचा पुतण्या म्हणाला, “आजी, हें नुसतें खत नव्हे. हें वाळवून पाण्यांत टाकलें तर पाण्यांत विरघळलेलें शिसें, तांबें, कॅडमियम हें ओढून घेतें. खाऱ्या पाण्यांतूनसुद्धां!”

आत्यानें हातांतली जुडी खालीं ठेवली. “ओढून घेतें हें खरें, बाळ,” ती म्हणाली, “पण मग तें ठेवतें कोठें?”

पुतण्या हंसला, आम्हीहि हंसलों. परंतु घरीं येऊन विचार करूं लागलों तेव्हां असें वाटलें कीं, या विषयावर जें पुष्कळ लिहिलें जातें त्यांत आत्याचा हा साधा प्रश्न बहुधा शेवटच्या ओळींत उरकलेला असतो, आणि वस्तुतः तो पहिल्या ओळींत यावयास हवा. या महिन्याचें सदर त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल लिहीत आहों.

प्रथम धातु पाण्यांत असतो म्हणजे काय, हें पाहूं. काळबादेवीच्या उपसागरांतील वाळू कांहीं ठिकाणीं काळी दिसते. ती काळी वाळू इल्मेनाइट नांवाच्या खनिजाची असून तींत लोखंड व टायटॅनियम हे धातु आहेत. पण ते खनिजाच्या कणांत पक्के कोंडलेले असल्यामुळें त्या वाळूवरून अनवाणी चालल्यानें कोणास कांहीं होत नाहीं. भीति विरघळलेल्या धातूची. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यांत ताक राहिलें तर तें कळकतें, हें प्रत्येक गृहिणी जाणते. ताकाच्या आंबटपणानें भांड्यांतलें तांबें सुटून ताकांत उतरतें. तें डोळ्यांस नीटसें दिसत नाहीं, पण जिभेला कळतें, आणि आपण ताक फेंकून देतों. शिसें, कॅडमियम व पारा यांच्या बाबतींत मात्र जीभहि आपणांस सावध करीत नाहीं. शिवाय पाणी उकळल्यानें जंतु मरतात, धातु मरत नाहींत; उलट पाणी आटून त्यांचें प्रमाण वाढतें. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकाप्रमाणें पिण्याच्या एक लिटर पाण्यांत शिसें ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम याहून अधिक असतां कामा नये. इतक्या सूक्ष्म प्रमाणांत विखुरलेली वस्तु पाण्यांतून वेंचून काढणें किती कठीण, हें सांगावयास नको.

येथें शेवाळ उपयोगीं पडतें. तपकिरी शेवाळाच्या पेशींच्या भिंतींत अल्जिनिक आम्ल नांवाचा एक चिकट पदार्थ विपुल असतो. तो स्टॅनफर्ड नांवाच्या ब्रिटिश रसायनज्ञानें १८८१ च्या सुमारास स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील शेवाळांतून प्रथम वेगळा काढला. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं कवळी करून घेतली असेल त्यांच्या तोंडांत हा पदार्थ एकदां तरी जाऊन आला असण्याचा संभव आहे. कारण हिरड्यांचा व दांतांचा ठसा घेण्यासाठीं दंतवैद्य जो लगदा वापरतात तो पुष्कळदां याचाच केलेला असतो. या पदार्थाच्या कणांची लांब साखळी असते, व साखळीवर ठिकठिकाणीं ऋण विद्युद्भार असलेल्या जागा असतात. विरघळलेल्या धातूचे कण धन विद्युद्भार घेऊन हिंडत असतात. अर्थात् त्या जागा त्यांस धरतात.

पंगतींतल्या पाटांची कल्पना केली म्हणजे हें चटकन् ध्यानांत येईल. शेवाळाच्या अंगावरचे हे पाट रिकामे नसतात. समुद्रांत वाढतांनाच सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे कण त्यांवर येऊन बसलेले असतात. पण पाटाची ओढ सर्वांकडे सारखी नसते. शिशाकडे ती फार, तांब्याकडे त्याहून थोडी कमी, कॅडमियमकडे त्याहूनहि कमी, पण कॅल्शियमपेक्षां अधिक. म्हणून शिशाचा कण आला कीं कॅल्शियमचा कण उठून पाण्यांत जातो आणि त्या पाटावर शिसें बसतें. यांत जिवंतपणाचा कांहीं संबंध नाहीं. शेवाळ मेलेलें, वाळलेलें, कुटलेलें असलें तरी पाट जागच्या जागींच असतात. किंबहुना प्रयोगशाळांत बहुधा वाळलेलेंच शेवाळ घेतात. कारण जिवंत शेवाळास विषानें मरण्याची भीति असते, मेलेल्यास ती नाहीं.

हे पाट संख्येनें किती असावेत? कॅनडांतील माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठांत बोहुमिल व्होलेस्की यांनीं या विषयाचा अनेक वर्षें पाठपुरावा केला. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरील एका तपकिरी शेवाळानें दर ग्रॅमामागें १०० मिलिग्रॅमहून अधिक कॅडमियम धरलें. म्हणजे कोरड्या वजनाच्या एक-दशांशाहून अधिक! सरगॅसमच्या जातींवरहि असे प्रयोग झाले आहेत. आपल्याकडेहि समुद्रशेवाळांचा अभ्यास नवा नाहीं. मुंबईच्या किनाऱ्यावरील शेवाळांची यादी डेन्मार्कचे बोर्गेसेन यांनीं १९३५ सालींच प्रसिद्ध केली. भावनगरची मीठ व सागरी रसायनांची संशोधनसंस्था १९५४ पासून, तर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करीत आहे. आरे-वाऱ्यास जातांना वाटेंत लागणाऱ्या शिरगांवीं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. सारांश, शेवाळाची ओळख करून घेण्यास आपणांस फार लांब जावें लागत नाहीं.

आतां पुतण्याच्या वाक्याचा उत्तरार्ध, “खाऱ्या पाण्यांतूनसुद्धां.” येथें मात्र थोडें थांबलें पाहिजे. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत एकट्या सोडियमचे १०.८ ग्रॅम, मॅग्नेशियमचे सुमारें १.३ ग्रॅम आणि कॅल्शियमचे सुमारें ०.४ ग्रॅम. उलट स्वच्छ समुद्रांत शिसें किंवा कॅडमियम लिटरमागें एका मायक्रोग्रॅमाहून, म्हणजे एका ग्रॅमाच्या दहा-लक्षांशाहूनहि कमी. पाट शिशाचा कितीहि आदर करो. दारांत सोडियम-मॅग्नेशियमची एवढी गर्दी लोटली असतां शिशास आंत येण्यासच वेळ लागतो, आणि पुष्कळ पाट त्या गर्दीनेंच अडून राहतात. कॅडमियमची तर आणखी एक अडचण आहे. मिठांतल्या क्लोराइडशीं तें जोडी जमवितें. जोडी जमली कीं त्याचा धन विद्युद्भार कमी होतो किंवा नाहींसा होतो, व मग पाटाकडे जाण्याची त्यास ओढ राहत नाहीं. म्हणून गोड्या पाण्यांत उत्तम काम देणारें शेवाळ खाऱ्या पाण्यांत कॅडमियमच्या बाबतींत फार फिकें पडतें; शिशाच्या व तांब्याच्या बाबतींत तें पुष्कळ बरें ठरतें. पाण्याच्या आंबटपणाचाहि परिणाम असतोच. पाणी फार आंबट असलें तर आम्लाचे कणच सारे पाट अडवून बसतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शेवाळाच्या जुड्या समुद्रांत सोडून समुद्र स्वच्छ होईल, असें जर कोणी सांगूं लागला तर त्यावर विश्वास ठेवूं नये. ज्या थोड्या पाण्यांत धातु पुष्कळ आहे, त्या पाण्यासाठीं हें साधन आहे; म्हणजे कारखान्याच्या नळाच्या तोंडाशीं. तेथें खारें पाणी असलें तरी त्यांत धातूचें प्रमाण समुद्राच्या हजारोंपट असतें, आणि पाण्याचा आंबटपणा आपणांस हवा तसा राखतां येतो. शेवाळ धुवून, वाळवून, बारीक करून उभ्या नळकांड्यांत भरावयाचें, व सांडपाणी त्यांतून हळूहळू सोडावयाचें. पाणी गाळण्यास आपण फडकें बांधतों, तशीच ही गाळणी. फरक इतकाच कीं फडकें कचरा अडवितें, आणि ही विरघळलेला धातु अडविते.

गाळणी भरली म्हणजे काय करावयाचें? आत्याचा प्रश्न येथें पुन्हा उभा राहतो. त्याचें उत्तर देवघरांतच आहे. पळी-पंचपात्र व ताम्हन काळवंडलें कीं आपण चिंच लावून घांसतों. चिंचेच्या आम्लानें वरचा थर सुटतो, भांडें लखलखीत होतें, आणि काळपट पाणी मोरींत जातें. भरलेल्या शेवाळासहि सौम्य आम्लाची अशीच अंघोळ घालतात. धातु पाटावरून उठून आम्लांत येतो, आणि तेंच शेवाळ पुन्हा कांहीं वेळां वापरतां येतें. हजारों लिटर पाण्यांत विखुरलेला धातु आतां बादलीभर आम्लांत गोळा झालेला असतो. पण लक्षांत ठेवावयाचें तें हें कीं, तो नाहींसा झालेला नाहीं. तो मूलद्रव्य आहे; त्यास जाळतां येत नाहीं, कुजवितां येत नाहीं. शेवाळच जाळलें तर तो राखेंत राहतो, पुरलें तर मातींत राहतो. ती बादली जर कोणी पुन्हा ओढ्यांत ओतली तर इतका सारा खटाटोप करून विषानें केवळ घर बदललें, एवढेंच म्हणावें लागेल. शेवाळाची किंमत धातु धरण्यांत आहेच. परंतु धरलेला धातु पुढें कोण सांभाळणार, हें ठरलेलें असेल तरच ती किंमत पदरांत पडते.

हा उपाय इतका सुलभ असून कारखान्यांतून तो सर्रास कां दिसत नाहीं, असें वाचक विचारतील. कृत्रिम राळेच्या गोळ्या हेंच काम करतात, आणि त्या प्रत्येक खेपेस एकसारख्या मिळतात. शेवाळ ऋतूप्रमाणें बदलतें, पाण्यांत फुगतें, मऊ पडतें, व आपल्या अंगांतील रंग व चिकटा पाण्यांत सोडतें. तें टणक करण्याच्या युक्ति आहेत, पण त्यांस खर्च येतो. म्हणून प्रयोगशाळेंत नांव मिळवूनहि व्यापारांत या उपायाचा अद्याप म्हणावा तसा जम बसलेला नाहीं.

हा प्रश्न आपल्या दारचाच आहे. आरे-वाऱ्याहून उत्तरेस, याच रत्नागिरी जिल्ह्यांत, खेड तालुक्यांतील लोटे-परशुराम येथें रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तिचें सांडपाणी सामुदायिक शुद्धीकरण केंद्रांतून दाभोळच्या खाडीकडे जातें, आणि खाडीच्या कांठचे मच्छीमार आपली मासळी मरते म्हणून वर्षानुवर्षें गाऱ्हाणें मांडीत आले आहेत. कोणत्या वेळीं कोणत्या द्रव्यानें मासळी मेली याचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. तो तपासणी करणारांचा अधिकार. आम्ही केवळ नियमांतील एका आंकड्याकडे वाचकांचें लक्ष वेधतों. पर्यावरण संरक्षणाच्या १९८६ च्या नियमांस जोडलेल्या सांडपाण्याच्या सामान्य मर्यादांत नदी-नाल्यांत सोडावयाच्या पाण्यांत शिसें लिटरमागें ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चालेल असें म्हटलें आहे, आणि समुद्रकिनाऱ्यास सोडावयाच्या पाण्यांत २ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे समुद्रास वीसपट सवलत! समुद्र मोठा आहे, तो पातळ करून टाकील, ही त्यामागील समजूत. पण जपानांतील मिनामाताच्या उपसागरांत काय झालें तें जगानें पाहिलें. तेथील कारखान्याचा पारा समुद्रानें पातळ केला, आणि मासे व शिंपल्यांनीं तो पुन्हा गोळा केला. १९५६ सालीं तो रोग प्रथम उघडकीस आला, तेव्हां कित्येक कुटुंबांच्या ताटांत विष पोहोंचून चुकलें होतें.

गोळा करण्याचा हा गुण जिवंत शेवाळांतहि आहे, आणि आत्याच्या टोपलीशीं संबंध येतो तो येथेंच. सभोंवतालच्या पाण्यापेक्षां हजारोंपट धातु शेवाळाच्या अंगांत सांठलेला आढळतो. यामुळें युरोपांत किनाऱ्याच्या प्रदूषणाचा साक्षीदार म्हणून शेवाळ तपासण्याची पद्धति आहे. पाणी आजचें सांगतें, शेवाळ गेल्या कित्येक आठवड्यांचें सांगतें. परंतु हाच साक्षीदार खाण्यांत आला तर? सरगॅसमच्याच कुळांतलें हिजिकी नांवाचें शेवाळ जपानांत आवडीनें खातात. त्यांत सोमलाचें, म्हणजे आर्सेनिकचें, प्रमाण इतकें आढळलें कीं, २००४ सालीं ब्रिटनच्या अन्नविषयक सरकारी संस्थेनें तें खाऊं नये असा इशारा दिला. २०११ पासून कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर सरगॅसमचे ढीगच्या ढीग लागूं लागले आहेत. तेथेंहि तें गुरांस घालावें कीं नाहीं, शेतांत टाकावें कीं नाहीं, हा प्रश्न सोमलापाशींच अडतो. आपल्याकडे २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेपासून शेवाळाच्या शेतीस उत्तेजन मिळत आहे. किनाऱ्यावरच्या स्त्रियांच्या हातीं त्यामुळें चार पैसे येतील, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु खाण्याचें व खताचें शेवाळ कोणत्या पाण्यांत वाढलें, हें विचारण्याची संवय आपण आतांपासूनच लावून घेतली पाहिजे. ज्या खाडींत गाळणी म्हणून शेवाळ लावावयाचें, त्याच खाडीचें शेवाळ माडाच्या आळ्यांत किंवा ताटांत येतां कामा नये.

आणि दोष सारा कारखान्यांवर टाकून आपण मोकळे होऊं नये. गणपतीच्या मूर्तीवरचे चकचकीत रंग कशाचे असतात, हें आपण क्वचितच विचारतों. शिसें, क्रोमियम, कॅडमियम यांचे क्षार रंगांत वापरले जात आले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें मूर्तिविसर्जनाविषयीं २०१० सालीं मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२० सालीं त्या सुधारून पुन्हा प्रसिद्ध केल्या. त्यांत विषारी रंग टाळण्याचें स्पष्ट सांगितलें आहे. घरगुती रंगांत दशलक्ष भागांत शिशाचे ९० भागांहून अधिक नसावेत, हा २०१६ चा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तेव्हां शाडूची मूर्ति आणि हळद, गेरू, काव यांसारखे साधे रंग मागावेत. डब्याचा रंग घेतांना त्यावर शिशाविषयीं काय छापलें आहे तें वाचावें. रंगाचे उरलेले डबे व जुन्या बॅटऱ्या मोरीच्या किंवा खाडीच्या वाटेस लावूं नयेत. बागेसाठीं शेवाळ आणावयाचें असेल तर मोकळ्या पुळणीवर लाटांनीं आणून टाकलेलेंच आणावें. खडपाला धरून असलेलें उपटूं नये, त्यांत लहान मासे आसरा घेतात. कारखान्याच्या, बंदराच्या किंवा गटाराच्या तोंडाजवळचें मुळींच घेऊं नये. आणि आणलेलें दोनदां गोड्या पाण्यानें धुवावें, म्हणजे मिठानें आळें बिघडत नाहीं.

हें सारें आम्हीं आत्यास वाचून दाखविलें. तिनें त्या दिवशीं टोपलीभर शेवाळ घरीं आणलेंच होतें, व दोनदां धुवून माडांस घातलेंहि होतें. आरे-वाऱ्याच्या मोकळ्या समुद्रावरचें तें, म्हणून पुतण्यानेंहि हरकत घेतली नाहीं. मात्र तो आतां वाळलेलें शेवाळ घेऊन प्रयोगशाळेंत खाऱ्या पाण्यांतून तांबें काढण्याच्या खटपटींत आहे, आणि धुतलेल्या आम्लाची बाटली कोठें ठेवणार हें आत्यानें त्याच्याकडून आधींच वदवून घेतलें आहे. खाडीकांठीं राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं आपापल्या खाडींत कोणाचें पाणी येतें, याची एकदां चौकशी करावी, आणि गाळणी बसविली आहे असें उत्तर मिळाल्यास गाळलेलें कोठें जातें, हेंहि विचारण्यास संकोच करूं नये.